वाणातली जलपर्णी

बँकेतून निवृत्त झाल्यापासून मी एक नसतं लचांड गळ्यात अडकवून घेतलं आहे. बाहेरून आलेली आणि इथल्या झाडांच्या मुळावर उठलेली झाडं कशी ओळखायची, हे मी चेन्नईभर फुकट सांगत हिंडते. शाळा, सोसायट्या, एन्नोरच्या कोळीवस्त्या, जिथे बोलावतील तिथे. माझं तमिळ ऐकून लोक सुरुवातीला नुसते हसतात. मला त्याचं काही वाटत नाही. हसणारा माणूस निदान झोपत तरी नाही.

त्यामुळे अक्कांनी आपल्या हळदीकुंकवाला मराठीतून बोलायला सांगितलं, तेव्हा मला आकाश ठेंगणं झालं. अक्का अड्यारला आमच्याच इमारतीत सगळ्यात वरच्या मजल्यावर राहतात. तंजावरकडच्या मराठी घरातल्या. त्यांची मराठी जुन्या वळणाची, मध्येच तमिळमध्ये शिरणारी. त्यांचं वाण कधी बाजारातलं नसतं. त्या स्वतः काहीतरी करतात, आणि मग वर्षभर आमच्यात त्याचीच चर्चा असते.

"गाणीं पुरे जाहलीं. यंदा तूं बोल," त्या म्हणाल्या. "झाडांवर बोल, काय तें."

विषय म्हणून मी जलपर्णी निवडली. तळी आणि नद्या गिळून टाकणारी, जांभळ्या फुलांची, पाण्यावर तरंगणारी. फोटोंचे मोठे तक्ते करून घेतले आणि गुंडाळी काखेत मारून त्या दिवशी जरा लवकरच पोचले.

अक्कांनी मला हाताला धरून आतल्या खोलीत नेलं. टेबलावर जुनी कांजीवरम साडी पसरली होती. तिचं टोक त्यांनी उचललं. खाली रांगेत मातीची पसरट बोळकी, प्रत्येकावर त्यांनी काढलेलं कोलम, म्हणजे इकडची रांगोळी, आत पाणी, आणि पाण्यावर तरंगणारी गुबगुबीत हिरवी जलपर्णी. दोनचार बोळक्यांत तर फूलही आलेलं.

"एकच रोप गच्चीवरच्या टबांत टाकलें होतें," अक्का हळूच म्हणाल्या. "पाहा किती जाहलीं! असेंच सगळ्यांचें भाग्य वाढो म्हणून."

माझ्या तोंडचं पाणी पळालं. बोलले, तर सणाच्या दिवशी अक्कांचा त्यांच्याच घरात, सगळ्यांदेखत पाणउतारा. गप्प बसले, तर ही बोळकी घरोघरी जाणार, आणि कंटाळा आला की कोणीतरी त्यातलं रोप खालच्या नाल्यात टाकणार. नाला जातो नदीला. पुढचं माझ्या काखेतल्या तक्त्यांवर रंगीत छापलेलंच होतं.

सगळ्या जमल्या. हळदीकुंकू झालं, अत्तर झालं, आणि मी उभी राहिले. तक्त्यांची गुंडाळी सोफ्यामागे सरकवली आणि जलपर्णी सोडून घाणेरीवर, त्या रानोमाळ माजणाऱ्या झुडपावर, बोलायला लागले. घाणेरीची माझी तयारी शून्य. तिची फुलं सांगून झाली, काळी फळं सांगून झाली, मग पुन्हा फुलं सांगितली. बायका विनम्रपणे तिळगूळ चघळत होत्या. मराठीतलं माझं पहिलं भाषण, आणि एन्नोरच्या कोळणींना माझं मोडकं तमिळसुद्धा यापेक्षा जास्त कळलं असेल.

तेवढ्यात मागून एकीने विचारलं, "आमच्या घरामागच्या तळ्यावर जांभळ्या फुलांचा गालिचाच झालाय. पाणीच दिसत नाही. ते काय असतं हो?"

खोटं बोलायला तोंड उघडलं, पण ते काही जमेना.

"जलपर्णी," मी म्हटलं. "एकाची शंभर होतात. खालचं पाणी गुदमरतं, मासे मरतात. तमिळमध्ये आगायतामरै."

तमिळ नाव कानावर पडलं आणि अक्कांचा चेहरा बदलला. त्या उठल्या, आत गेल्या, आणि एक बोळकं घेऊन बाहेर आल्या.

"हीच?"

"हो, अक्का."

मला रडू यायला लागलं होतं. अक्कांनी बोळक्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि एकदम खो खो हसत सुटल्या. "अय्यो! घरोघर शनि वाटायला निघालें होतें कीं मी! उठा गं सगळ्या!"

मग आम्ही रेशमी पदर खोचून जलपर्णी उपसली. लोंबती मुळं, ओले हात, कोणाच्या पैठणीवर हिरवट पाणी, आणि हसून हसून सगळ्यांची पुरेवाट. रोपं गच्चीवर कडक उन्हात पसरली, अगदी वाळून मरेपर्यंत ठेवायची म्हणून. इकडे अक्कांनी पोंगलला आणलेल्या ओल्या हळदीच्या जुड्या काढल्या, कुंडीतली माती बोळक्यांत भरली आणि प्रत्येकात हळदीचा एकेक तुकडा खोचला. हळदीकुंकवाला हळदीचंच वाण! इतका आनंद मला माझ्या कुठल्याच भाषणात झाला नव्हता.

निघताना अक्कांनी मला कुंकू लावलं, बोळकं हातात दिलं, पण ते लगेच सोडलं नाही.

"परक्यांना खरें सांगत गांवभर फिरतेस," त्या म्हणाल्या, "आणि मला घाणेरी सांगत बसलीस? मी परक्यांहून परकी कीं काय तुला?"

मी बोळक्यासकट त्यांना मिठी मारली. दोघींच्या साड्या मातीने माखल्या.