घमेल्यातला आकडा

अकोल्यात मजुरांचा ठिय्या सकाळी सातला भरतो. तिथं माणसाला नाव कोणी विचारत नाही, हातात काय आहे ते बघतात. गवंडी थापी घेऊन उभा असतो, रंगारी ब्रश घेऊन, आणि सळई बांधणारा तार पिळायचा लोखंडी आकडा घेऊन. मुकादम गजेंद्र जीपमधून घमेलं घेऊन उतरतो. ज्याचा आकडा घमेल्यात पडला, त्याला त्या दिवशी उड्डाणपुलावर काम. आकडा परत मिळतो तो संध्याकाळीच.

नागसेन मूळचा वलगावचा. बावीस वर्षं सळई बांधतो, आणि उंचीला कधी भ्यायला नव्हता. आता महिनाभर मात्र त्याला मचाणावर चढताना दरदरून घाम फुटतो. महिन्यापूर्वी एकाच फळीवर तो आणि त्याचा जोडीदार श्रावण बसले होते. फळीची दोरी सुटली. नागसेननं झेप घेऊन धरलं, पण हातात श्रावणच्या सदऱ्याची बाही तेवढी राहिली. श्रावण वाचला, पण कमरेखाली लुळा झाला.

सुरक्षेचा पट्टा कोणाच्याच कमरेला नव्हता. तरी त्याच संध्याकाळी गजेंद्रनं कागद पुढं केला: श्रावणनं पट्टा स्वतःच सोडला. नागसेननं मुकाट्यानं सही केली. दुसऱ्या दिवसापासून घमेल्यात पहिला आकडा त्याचा पडू लागला. अशी बढती वैऱ्यालाही मिळू नये.

रविवारी मजूर संघटनेच्या माधवीताई घरी आल्या. जय भीम झाला, चहा झाला.

"उद्या अकरा वाजता श्रावनच्या अपघाताची चौकशी हाये, भाऊ. कामगार अधिकाऱ्यासमोर तुमी खरं सांगा."

"अन् मंग माहा आकडा कोन घेईन? तुमची संघटना?"

ताईंनी खोटी आशा लावली नाही. "ते मले नाई सांगता येत. पन तुमाले एकटं पडू देनार नाई."

"श्रावनही एकटा नोता, ताई. मी होतो ना संगं."

ताई उठून गेल्या. नागसेननं त्या दिवशी भाकरीला हात लावला नाही. "काहून जेवून नाई राह्यले?" बायको भावनानं दोनदा विचारलं. तो म्हणाला, पोट बरं नाही.

सोमवारी ठिय्यावर घमेलं त्याच्यासमोर आलं. आकडा टाकला की संध्याकाळपर्यंत पुलावर, म्हणजे चौकशी चुकली. नागसेनला हे ठाऊक होतं आणि गजेंद्रलाही.

"टाक लवकर," गजेंद्र म्हणाला. "आज त्याच फळीवर तू अन् शेषराव."

"दोरी बदलली काय?"

"तुले काय करा लागते?"

शेजारी उभ्या शेषरावानं आपला आकडा टाकूनही दिला. पन्नाशीचा माणूस, पूर्ण बाह्यांचा सदरा, मनगटाला बटण लावलेलं. नागसेनची नजर त्या बाहीवर गेली आणि तिथंच अडकली. मग त्यानं ठिय्यावर आजवर कोणी केलं नव्हतं ते केलं: घमेल्यात हात घातला आणि शेषरावाचा आकडा बाहेर काढला.

"येडा झाला काय?" शेषराव भडकला. "माह्या पोटावर काहून पाय देतं?"

"श्रावनच्या कमरेले पट्टा नोता." आवाज इतका बारीक निघाला की त्याला पुन्हा बोलावं लागलं. "नोता पट्टा. म्या खोटी सही केली. अन् दोरी तेच हाये."

गजेंद्र हसला. "झालं तुह्यं, नागसेन. आता जिल्ह्यात आकडा घेऊन फिर." शेषरावानं आपला आकडा हिसकून घेतला. गजेंद्रनं घमेलं त्याच्यापुढं धरलं. शेषराव घमेल्याकडे बघत राहिला आणि त्यानं आकडा खिशात घातला. पुढच्या माणसानं मात्र टाकला. त्याच्या पुढच्यानंही टाकला.

नागसेनची भीती काही गेली नाही. कामगार कार्यालयाचा साधा जिना, पण तो त्यानं दोन्ही हातांनी कठडा धरून चढला. मागून शेषरावाची चप्पल वाजत होती.