धामणीचा वाक

झरी जामणीकडच्या जंगलात धामण नावाचं झाड आहे. नाव सापाचं आणि काठ्याही सापासारख्याच. धनुष्यासाठी मी तोडलेली काठी तर इतकी वाकडी, की आढ्याला सुकत टाकली तेव्हा तिचं एक टोक आमच्या घरात आणि दुसरं शेजाऱ्याच्या.

साठ सालाच्या आसपासची गोष्ट. दिवाळसणाला सासरी गेलतो. भर पंगतीत सांगून बसलो, की ज्वारीत शिरलेलं रानडुक्कर आपण एका बाणात आडवं केलं. मामाजी, म्हणजे माझे सासरे, म्हणाले, "सोमवारी येतो. ते धनुष्य पाहाचं हाय." डुक्कर दाखवा म्हणाले असते, तर खाल्लं म्हणून सांगता आलं असतं.

रविवारी काठी घेऊन पोडावरच्या, म्हणजे कोलामांच्या वस्तीवरच्या, एका म्हाताऱ्याकडे गेलो. त्यानं ती निखाऱ्यावर फिरवायला घेतली, मोहाच्या तेलाचा हात दिला. तापली की झाडाच्या बेचक्यात घालून वाक उलटा दाबायचा, थंड होईस्तोवर सोडायचं नाही.

"अन् गरम हाय तवर खोटं बोलाचं नाही," तो म्हणाला. "लाकूड आयकते. वाक वापस येते."

"मी कायले खोटं बोलू?"

"हे बोलले ना आता. पुरी तापली नव्हती म्हून चाललं."

काठी बेचक्यात, मी तिच्यावर लोंबकळलेला, आणि समोर मामाजी. एक दिवस आधीच. घरी विचारून थेट पोडावर आले होते.

"या मामाजी," मी म्हणालो, "तुमचीच वाट पाहून राह्यलो होतो."

म्हाताऱ्यानं काठीच्या टोकाकडे पाहिलं.

"डुक्कर मारलं ते धनुष्य हेच काय?" मामाजींनी विचारलं.

हाताखाली लाकूड मांजरासारखी पाठ वर काढू लागलं, देवाशपथ. घाबरून खरं ओकलो. "नाही जी. डुक्करच माह्या मागं लागलं. मचाणावर चढलो तो सकाळीच उतरलो."

मामाजी पोट धरून हसले. "पाहा, एवढा पराक्रम करून सांगाले लाजते," म्हाताऱ्याला म्हणाले. गावी जाऊन त्यांनी एका डुकराची तीन केली.

ते गेल्यावर थंड झालेली काठी काढली. अगदी सरळ, फक्त टोकाशी बोटभर वाक उरलेला. म्हाताऱ्यानं एक डोळा मिटून पाहिलं.

"पाटील, डुकराचं तं खरं सांगतलं. मंग हा कायचा?"

"वाट पाहून राह्यलो म्हटलं ना," मी म्हणालो, "त्याचा."