टेबलाखालची घडी

ऑफिसात तिला सगळे मिलिमीटरताई म्हणत, आणि हे नाव तिने कष्टाने कमावलं होतं. घरी नवरा म्हणाला की चहात साखर जरा कमी आहे, तर ही विचारणार, "जरा म्हणजे किती?" सासूबाईंनी तर तिच्यासमोर 'थोडं', 'बरंच' असले शब्द काढायचेच सोडून दिले होते. उगाच उलटतपासणी कोण ओढवून घेणार?

पण तिचं पोटच मिलिमीटरवर चालायचं, त्याला ती तरी काय करणार! शेकडो किलोमीटर उंचावरून रडारवाला उपग्रह दर बारा दिवसांनी गावावरून जायचा, आणि त्याने पाठवलेल्या माहितीवरून जमीन कुठे खचतेय, कुठे वर येतेय, याचा नकाशा ती करायची. नकाशा म्हणजे हजारो ठिपके. जागच्या जागी असलेला हिरवा, खाली चाललेला लाल, वर येणारा निळा. बटण दाबलं की आठ वर्षं बारा सेकंदांत पडद्यावरून निघून जायची आणि ठिपके बघता बघता रंग बदलायचे.

या वेळच्या नकाशात टेकडीवरच्या गल्लीतली चौदाच्या चौदा घरं निळीशार झाली होती. वर्षाला सहा मिलिमीटर वर. खालचा भाग, त्यातलं त्यांचं ऑफिस धरून, हिरवागार. साहेबांनी लगेच निदान केलं: वरची जमीन आतून फुगतेय, उद्या भिंती तडकतील, महिनाअखेरीस अहवाल पाठवू आणि गल्ली रिकामी करायला सांगू. अडचण एवढीच होती की त्या गल्लीतल्या सातव्या घरात तिचा सख्खा थोरला भाऊ राहत होता. तो सुतार. राहणं तिथेच आणि कामही तिथेच.

दुसऱ्या कुणाकडून कळण्यापेक्षा आपणच सांगावं म्हणून ती रविवारी त्याच्याकडे गेली. दादाने सगळं ऐकून घेतलं, उठून पाणसळ आणली आणि खिडकीच्या फळीवर ठेवली. नळीतला बुडबुडा बरोबर मधोमध. ही फळी मी तीस वर्षांपूर्वी बसवली, तो म्हणाला, आणि अजून केसभर हललेली नाही. तिने शांतपणे समजावलं की अख्खं घरच सारखं वर येत असेल, तर पाणसळीला ते कळणारच नाही. हरत आलेला माणूस जे करतो तेच दादाने केलं. आवाज चढवला, पाय रोवून उभा राहिला आणि इथून मी हलणार नाही म्हणाला. तीही फणकाऱ्याने निघून आली. आपला आकडा म्हणजे काळ्या दगडावरची रेघ, हे सख्ख्या भावाला कळू नये, याचं तिला फार वाईट वाटलं.

शुक्रवारी दुपारी दादा पाणसळ पिशवीत घालून थेट ऑफिसात हजर झाला. आल्या आल्या दार लावायला गेला, तर ते चौकटीत बसेना. तीन वर्षं बसत नाहीये, तिने सांगितलं, तू खुर्चीत बस. त्याने सवयीने पाणसळ तिच्या टेबलावर टेकवली. बुडबुडा मधोमध. मग त्याची नजर खाली गेली. टेबलाच्या एका पायाखाली कागदाची जाडजूड घडी होती. त्याने ती ओढून काढली, टेबल कलंडलं आणि बुडबुडा एका टोकाला जाऊन बसला.

"हे काय गं?"

"टेबल डुगडुगतं. जुन्या कॅलेंडरचं पान घालते मी."

दादाने एकेक पान सोडवून टेबलावर मांडलं. आठ वर्षांची आठ पानं.

"दरवर्षी एक?" त्याने विचारलं.

म्हणजे टेबल नव्हे, खालची जमीनच दरवर्षी खचत होती. उपग्रह जमीन किती हलली ते सांगतो, पण कशाच्या मानाने, ते माणसाने ठरवायचं असतं. एक ठिकाण स्थिर धरायचं आणि बाकी सगळं त्याच्याशी ताडून बघायचं. आठ वर्षांपूर्वी साहेबांनी या ऑफिसचं छत स्थिर धरलं होतं. सरकारी इमारत, ती कशाला हलते? तिलाही ते पटलं होतं. दोघांनी मिळून हे ठरवलं आणि विसरून गेले.

तिने स्थिर जागा बदलली. टेकडीवर पाण्याच्या टाकीखाली उघडा खडक होता, तो धरला. बटण दाबलं. पहिल्या वर्षी सगळं हिरवं. तिसऱ्या वर्षी ऑफिसवर पिवळट छटा आली. आठव्या वर्षी ऑफिस, त्यामागचा रस्ता आणि खालची दुकानं लालभडक, आणि दादाची गल्ली, पहिलं घर ते चौदावं, हिरवी ती हिरवीच. टाकीच्या जागी टेकडीवरचे दुसरे दोन खडक धरून बघितले, तरी तेच. दादाला रंगांमधलं काही कळलं नाही, पण बहिणीचा चेहरा कळला. तो पाणसळ पिशवीत टाकून निघून गेला.

तिने नकाशा छापून घेतला आणि ती साहेबांकडे गेली. चूक त्यांची होती, पण आठ वर्षं सही तिची होती.

"साहेब, गल्ली वर येत नाहीये," ती म्हणाली. "आपण खाली चाललोय."

साहेब उठून ऑफिसच्या न लागणाऱ्या दारापाशी गेले आणि त्यांनी ते एकदा ढकलून बघितलं. दारासाठी त्यांनी आजवर शिपायापासून हवेपर्यंत सगळ्यांना बोल लावला होता. मग त्यांनी गल्लीचा अहवाल मागवला, त्यावर आडवी रेघ मारली आणि ऑफिस हलवण्याचा कागद लिहायला घेतला.

संध्याकाळी ती नवा नकाशा घेऊन दादाकडे गेली. दार उघडंच होतं. भिंतीवरच्या खुंट्या रिकाम्या होत्या. करवती, रंधे, पटाशा, सगळं पोत्यांत भरून, तोंडं बांधून ओळीने ठेवलेलं. पोत्यांवर चार दिवसांची धूळ बसली होती.

"तू तर हलणार नव्हतास," ती म्हणाली.

"तू सांगितलंस ना," दादा पाठमोराच बोलला. "तुझा आकडा कधी चुकला नाही. पाणसळीचंच काहीतरी बिघडलं असेल म्हटलं. तेच ताडून बघायला तुझ्याकडे आलो होतो."

तिला रडू आलं. ती तशीच खाली बसली आणि पहिल्या पोत्याची गाठ सोडायला लागली. मोठी करवत काढली, खुंटीला अडकवली आणि मागे सरून बघितलं.

"जरा डावीकडे," दादा म्हणाला.

जरा म्हणजे किती, हे तिने विचारलं नाही.