मजुरांच्या गिरणीविरुद्ध वकीलबाई

वकीलबाईंच्या अकोल्यातल्या घरी वादाची बैठक भरायची, तिथं स्वतःची बाजू आधी मांडायला बंदी होती. आधी समोरच्याचं म्हणणं सांगायचं, तेही असं की त्यानं "हो, हेच म्हणतो मी" म्हटलं पाहिजे. मगच आपलं तोंड उघडायचं. मी अमरावतीहून कामगार संघटनेच्या कामाला नुकताच आलेलो. पिशवीत पत्रकं, डोक्यात घोषणा. भांडवलशाहीची बाजू मांडायची म्हणजे मला पाप वाटायचं. पहिल्याच वाक्यात मी 'लुटारू' म्हणायचो आणि बाई थांबवायच्या. "हे तुयं झालं बाबू. सेठचं सांग."

चीड यायची ती वेगळ्याच गोष्टीची. या बाईनं आयुष्यभर मजुरांच्या केसेस लढवल्या, कापसाच्या जिनिंगमालकांना कोर्टात घाम फोडला, आणि समाजवादावर मात्र काडीचा विश्वास नाही. "मालक चार असले त मजूर एकाले लाथ मारून दुसऱ्याकडे जाते. सरकारच एकटं मालक झालं त कुठी जाईन तो?" मी म्हणायचो, बाई, चारही मालक एकाच लग्नात जेवतात आणि मजुरी तिथंच ठरवतात. त्या हसायच्या नाहीत. म्हणूनच तर कोर्ट लागतं, म्हणायच्या आणि चहा ओतायच्या. आजही मला माझंच खरं वाटतं.

मग शहराबाहेरची बंद सूतगिरणी कामगारांनीच चालवायला घेतली. स्वतःतूनच समिती निवडली. बाईंना हे पटलं नव्हतं, तरी सगळे कागद त्यांनीच केले. भोंगा वाजला त्या दिवशी मी गेटवर पत्रकं वाटली: इथं आता मालक नाही. माझ्या लेखी वाद संपला होता.

वर्षभरात समितीनं सलीमभाईला कामावरून काढलं. जुना माणूस. सूतकताईच्या खात्यातली धूळ ओढणारे पंखे बंद पडले होते, लोक खोकत होते. त्यानं समितीला सांगून पाहिलं, मग सरळ सरकारी कामगार अधिकाऱ्याकडे तक्रार दिली. समिती खवळली. आपल्याच गिरणीची तक्रार बाहेर? इथं मालकच नाही, तर तक्रार कोणाविरुद्ध?

बाईंनी सलीमभाईची केस घेतली. मी तणतणत त्यांच्या घरी गेलो. ही मजुरांची गिरणी आहे, तुम्ही सेठ लोकांच्या हाती कोलीत देताय, असं बरंच बोललो. बाई आजारी होत्या, उशीला टेकून ऐकत होत्या.

"झालं? आता सलीमचं सांग."

मी पुन्हा गिरणीचंच सुरू केलं.

"सांग ना. तो घरी बसून राहिला अन् तू इथं भाषण करून राहिला."

अडखळत सुरुवात केली. पंखे, खोकला, समितीनं झिडकारणं. सलीमभाईच्या 'गिरणी माझीपण आहे' या वाक्यापर्यंत आलो.

"सेठनं काढलं असतं त दुसऱ्या सेठकडे गेला असता," बाई म्हणाल्या. "तुमी काढलं. आता कुठी जाईन?"

"पन्नाशीच्या, खोकणाऱ्या माणसाला तुमच्या बाजारात कोणता सेठ घेतो, बाई?"

"नाई घेत," त्या म्हणाल्या. "म्हणूनच तुमीच घ्या त्याले परत."

तारीख लागण्याआधीच बाई गेल्या. स्मशानात कामगार होते, जिनिंगमालकही होते. दोन्ही गट लांब लांब उभे. केस दुसऱ्या वकिलाकडे जाऊन उभी राहीपर्यंत सलीमभाईनं काय करायचं? म्हणून गिरणीच्या सभेत मीच उठलो. त्याला परत घ्या, पंखे दुरुस्त करा, आणि कामगार मालक असले तरी इथं युनियन पाहिजे, म्हणालो. मागून आवाज आला, "सेठनं काय चारलं रे याले?" माझीच माणसं होती ती. मी बसलो नाही.

मतं घेतली, थोडक्या मतांनी ठराव निभावला. दुसऱ्या दिवशी सलीमभाई सकाळच्या पाळीला आला. माझ्याशी बोलला नाही, सरळ पंख्यांकडे गेला. ते बंदच होते. दुपारी आम्ही दोघं मिळून पुन्हा कामगार अधिकाऱ्याकडे तक्रार द्यायला गेलो.