देवदत्तदादांनी शोधलेला माणूस

देवदत्त कर्णिकांबद्दल लिहायचं तर सुरुवात त्यांच्या कानांपासून करावी लागते, कारण बाकी सगळं चारचौघांसारखंच आहे. वय साठीला टेकलेलं, पाया लेबार भागातल्या एका बँकेच्या ऑफिसात नोकरी, डबा घरचा, बोलणं हळू. सिंगापूरला आले तेव्हा एम्प्लॉयमेंट पासवर, म्हणजे नोकरीपुरत्या परवान्यावर होते, आता सिटिझन आहेत. पण गिटारची तार छेडली गेली की हा माणूस दोन स्वरांत सांगणार, हा अल्बर्ट किंग, उलटी गिटार धरून तार अशी खाली खेचणारा दुसरा कोण असणार? हा बी. बी. किंग, एकच स्वर इतका वेळ थरथरवत ठेवायची हिंमत बाकीच्यांत नाही. मी ऑडिटर आहे. कुणी काही सांगितलं की आधी शंका घ्यायची, हा माझा धंदा आहे. तरी दादांच्या कानांवर मी डोळे मिटून विश्वास ठेवत आले.

आम्ही पाच-सहा मराठी माणसं महिन्यातून एका रविवारी ईस्ट कोस्टला श्रीनिवासच्या कॉन्डोच्या फंक्शन रूममध्ये जमतो आणि ब्लूज, म्हणजे अमेरिकेतल्या काळ्या लोकांची जुनी दुःखाची गाणी, ऐकतो. ओळखीतले लोक हसतात. "गणपतीत नाटक बसवायचं सोडून ही परक्यांची रडगाणी कसली ऐकता?" असं मला तोंडावर विचारून झालंय. विचारोत बापडे. आमच्यात प्रत्येकाचा एकेक लाडका गाणारा माणूस ठरलेला आहे. श्रीनिवासचा बडी गाय. माझी मेम्फिस मिनी, आणि तिच्याबद्दल कुणी वाकडा शब्द काढला तर त्याला माझ्या हातचा चहा मिळत नाही. दादांचा मिसिसिपी जॉन हर्ट. त्याच्या पहिल्या रेकॉर्ड लोक विसरून गेले, तो आपला गावात शेती करत राहिला, आणि तीस-पस्तीस वर्षांनी कुणीतरी शोधत शोधत त्याच्या दारात जाऊन उभं राहिलं. ही हकिकत दादा दर दोन-तीन महिन्यांनी सांगायचे आणि 'दारात जाऊन' म्हणताना दरवेळी त्यांचा आवाज थोडा जड व्हायचा.

बैठकीचा शेवट ठरलेला. एकाने नाव न सांगता काहीतरी लावायचं आणि म्हणायचं, "ओळखा." दादा हरल्याचं मला आठवत नाही.

आता प्रबोध. आमच्याच बैठकीतला, चाळिशीचा, कॉम्प्युटरवाला, हुशार आणि गोडबोल्या. दादांची बायको, आमच्या दमयंतीवहिनी, गेल्या तेव्हा आम्ही सगळे चार दिवस जाऊन बसलो आणि मग आपापल्या कामाला लागलो. प्रबोध मात्र दर शनिवारी सकाळी दादांना ईस्ट कोस्ट पार्कात फिरायला न्यायचा, हॉकर सेंटरमध्ये बसून नाश्ता करायला लावायचा. तीन वर्षं त्याने हे केलं. "याला म्हणतात धाकटा भाऊ," असं मी चारजणांत म्हटलंय, आणि आता ते आठवलं की माझा मलाच संताप येतो.

त्या फिरण्यात दादांनी त्याला एक गोष्ट सांगितली. ती मी इथे लिहितेय ती त्यांना विचारून. "लिही," म्हणाले, "आता राखून ठेवण्यासारखं काय उरलंय त्यात."

वहिनींना किडनीचं दुखणं होतं. मीठ बंद. दादा डोळ्यांत तेल घालून पथ्य सांभाळायचे. शेवटी शेवटी त्यांना काही जात नव्हतं, आणि एका दुपारी त्यांनी कामवाल्या बाईकडून वरणभातावर लिंबाच्या लोणच्याची एक फोड वाढून घेतली. दादांनी ते पाहिलं. ताट उचललं, सिंकवर नेलं, फोड काढली, खार लागलेला भात नळाखाली धुतला आणि ताट परत त्यांच्यासमोर ठेवलं. वहिनींनी त्या धुतलेल्या भाताकडे पाहिलं, दादांकडे पाहिलं आणि ताट सरकवलं. बोलल्या काहीच नाहीत. दोन दिवसांनी गेल्या. हे दादांनी लेकीलासुद्धा सांगितलं नव्हतं. समुद्राकडे तोंड करून एकाच माणसाला सांगितलं, तो प्रबोध.

मागच्या वर्षी एका बैठकीत प्रबोध आणि दादांचा वाद झाला. प्रबोधचं म्हणणं, आता मशीन कसलंही गाणं करतं, ब्लूजही करेल. दादा म्हणाले, "सूर करेल रे. पण भोगल्याशिवाय ब्लूज येत नाही." प्रबोध हसला आणि विषय तिथेच संपला. म्हणजे आम्हाला तसं वाटलं.

दोन महिन्यांनी "ओळखा"ची पाळी त्याची होती. म्हणाला, ऑफिसमधल्या एका अमेरिकन माणसाच्या आजोबांच्या घरात जुनी टेप सापडली, त्यावरचं आहे, नाव कुणालाच माहीत नाही. आम्हा ब्लूजवाल्यांची एक खोड आहे. रेकॉर्ड जितकी खरखरते तितकी ती आम्हाला खरी वाटते. ही तर पापड भाजल्यासारखी खरखरत होती. मागे एक गिटार, दमलेली, आणि एका म्हाताऱ्याचा घोगरा आवाज. तिसऱ्या कडव्यात तो इंग्रजीत जे म्हणाला त्याचा अर्थ असा: माझ्या बाईच्या ताटातलं मीठ मी धुऊन टाकलं रे देवा, आणि ती काही बोलली नाही, काही बोलली नाही.

दादा उठून बाहेर गेले. स्विमिंग पूलपाशी बराच वेळ उभे होते. परत आले तेव्हा डोळे लाल. "मला नाही ओळखता येत," म्हणाले. "परत लाव."

प्रबोधने परत लावलं. तेव्हा तरी त्याने तोंड उघडायला हवं होतं. नाही उघडलं.

पुढचे दोन महिने दादा वेगळेच झाले. अमेरिकेतल्या रेकॉर्ड जमवणाऱ्या लोकांना त्यांनी मेसेज केले. सगळ्यांनी कळवलं, माहीत नाही. दादा हिरमुसले नाहीत. "जॉन हर्टही नव्हता माहीत कुणाला," म्हणायचे. ऑफिस सुटल्यावर एकदा लिटिल इंडियात उतरले, लोणच्याची बरणी घेतली आणि घरी पोचल्यावर मला फोन केला. "सुनेत्रा, आज मी लोणचं खाल्लं गं." मला वाटलं म्हातारपणाचं काहीतरी. म्हटलं, "बरं केलंत, पण बीपी सांभाळा." त्यावर ते हसले. वहिनी गेल्यापासून ते असं हसल्याचं मी ऐकलं नव्हतं. मग म्हणाले, "तो माणूस माझ्यासारखाच आहे." कसा ते मला कळलं नाही, मी विचारलंही नाही.

त्यानंतरच्या बैठकीत दादांनी सांगून ठेवलं होतं, आज जॉन हर्ट नाही, आज माझा हा निनावी. उभे राहून बोलत होते, ते नेहमी बसून बोलतात. गाणं लावलं, थांबवलं, म्हणाले, "ऐका. अंगठा मागे राहतोय. याचा हात कामाचा आहे, बोटांना घट्टे पडलेत. दिवसभर राबून हा रात्री गिटार घेतो."

"दादा, सॉरी," प्रबोध म्हणाला, "पण आता पुरे. त्याला हातच नाहीये."

"म्हणजे?"

"म्हणजे माणूसच नाहीये. मी केलंय हे. कॉम्प्युटरवर. अर्ध्या तासात! खरखरसुद्धा वरून घातलीय."

श्रीनिवास हसला, त्याला थट्टा वाटली. प्रबोध उत्साहाने आमच्याकडे पाहत म्हणाला, "कुणालाही कळलं नाही. दादांनासुद्धा! म्हणजे वाद मी जिंकला की नाही?"

दादांनी अगदी हळू विचारलं, "आणि शब्द?"

"तुम्हीच म्हणाला होतात ना, भोगल्याशिवाय येत नाही? म्हणून मग भोगलेलंच घातलं." हे तो हसत हसत म्हणाला. आपण काय बोललो हे त्याला तेव्हाही कळलं नव्हतं.

आम्हाला कुणालाच अर्थ लागला नाही, पण दादांचा चेहरा मी पाहिला. भर बाजारात कुणी अंगावरचं धोतर ओढावं तसा. त्यांनी चष्मा खिशात घातला, पिशवी उचलली आणि निघाले. मी मागे धावले. बस स्टॉपवर त्यांनी मला वहिनींचं सगळं सांगितलं. तीन बस सोडल्या. केसाने गळा कापणं म्हणतात ते मी त्या दिवशी डोळ्यांनी पाहिलं. मला प्रबोधचा भयंकर राग आला. तो अजून आहे आणि कमी व्हावा अशी माझी इच्छाही नाही.

आठवड्याने मी दादांकडे डबा घेऊन गेले होते, तेव्हा प्रबोध आला. हातात मिठाईचा बॉक्स! मी तोंड उघडणार तेवढ्यात दादांनी हाताने मला थांबवलं आणि दारात जाऊन उभे राहिले. आत ये म्हणाले नाहीत.

"दादा, मी सगळं डिलीट केलंय," प्रबोध म्हणाला. "तुमचं नाव कुठेच नव्हतं. कुणाला कळण्यासारखं नव्हतंच ते. आणि खरं सांगा, तुम्हाला बरं वाटलं होतं ना ते ऐकून? तुम्ही किती खूश होतात. मला ते बघून सांगवेना."

"वाटलं होतं," दादा म्हणाले. "खोटं कशाला बोलू? इतकी वर्षं मला वाटायचं, असं कुणी केलं नसेल. आजारी बायकोच्या ताटातला घास कोण धुतो? मग तो आला. म्हटलं, चला, मी एकटा नाही. हा बिचाराही असाच डॉक्टरचं ऐकून चुकला, आणि तरी म्हातारा होईपर्यंत जगला, गायला."

"दादा, माफ करा. पाया पडतो."

"माफीचं राहू दे. तो माणूस मला परत आणून दे."

प्रबोध खाली बघत उभा राहिला. दादा थांबले. नुसतं बोलायचं म्हणून ते बोलले नव्हते, खरंच उत्तराची वाट बघत होते. लिफ्ट एकदा येऊन गेली, शेजारची बाई कचरा टाकून आली. मग दादांनी जाळीचं दार ओढून घेतलं आणि आतून कुलूप लावलं.