सीनेचे मासे आणि वच्छलाचं स्थळ

लिंगायताच्या घरात मासे! नुसतं ऐकूनच सोलापुरातले शेजारीपाजारी कानाला हात लावायचे. पण सिद्रामप्पा मास्तरांचे मासे खायचे नव्हते हो, जपायचे होते. उन्हाळ्यात सीना नदी आटली की उरल्यासुरल्या डबक्यातून मास्तर पाचपंचवीस मासे बरणीत घालून घरी आणायचे आणि नदीला पाणी आलं की परत नेऊन सोडायचे. राखी रंग, शेपटीवर एक काळा ठिपका, एवढंच काय ते रूप!

बत्तीस सालच्या उन्हाळ्यात त्यांचा मेहुणा बसप्पा मुंबईहून तांबडे-सोनेरी मासे घेऊन उगवला.

"दाजी, हे तुमच्या माशांत मिसळा. पिल्लं अशी रंगीत निघतील, सगळी गल्ली बघायला येईल!"

"आणि तीच पिल्लं नदीत सोडू व्हय? मग सीनेचा मासा राहिला कुठं?" मास्तर असे भडकले की बसप्पानं मुकाट्यानं आपली बरणी वेगळी ठेवली.

त्यातच सोमवारी मास्तरांच्या लेकीला, वच्छलाला, बघायला अक्कलकोटचे शिवलिंगप्पा बायको-मुलासह येणार होते. मास्तरांच्या बायकोनं, नीलव्वांनी हुकूम सोडला, "बसप्पाचे मासे बैठकीत ठेवा, ते शोभेचे दिसतात. तुमचे कालवणातले वाटतात. ते आत!" आणि घाईत बाईंनी ते दडवावेत कुठं? चुलीशेजारी, पातेल्यात, वर झाकण घालून. धन्य ती माउली!

पाहुण्यांनी बैठकीतल्या रंगीत माशांचं तोंडभर कौतुक केलं. पोहे झाले. मग मुलाची आई रीतीप्रमाणे स्वयंपाकघर बघायला आत गेली आणि तिनं नेमकं तेच झाकण उचललं.

"शिव शिवा! हितं तर कालवणाची तयारी हाय!"

शिवलिंगप्पा ताडकन उठले. मास्तरांच्या तोंडचं पाणी पळालं. आत जाऊन त्यांनी पातेलं बाहेर आणलं.

"गळ्यातल्या लिंगाची शपथ, ह्या घरात कधी मासा शिजला नाही. हे सीनेचे आहेत. ह्यांना कोणी विकत घेत नाही, शोभेला ठेवत नाही. म्हणून मी ठेवतो."

"रंगीत ठेवा. हे आत्ताच्या आत्ता टाकून द्या, मगच पुढचं बोलू," शिवलिंगप्पांनी बजावलं.

मास्तरांनी पातेल्यात बघितलं. बोटभर मासे ते, पण जीव अडकला होता त्यांच्यात. आणि इकडं पोटची पोर! तिच्याकडं बघवेना.

"टाकतो," ते कसंबसं म्हणाले.

"कुठं टाकता, अप्पा?" इतका वेळ मान खाली घालून बसलेली वच्छला उठली. "नदी कोरडी हाय. पाणी येऊ द्या, मग सोडू. लग्न पण तवाच करू."

नीलव्वांनी कपाळावर हात मारून घेतला.

"लग्न ठरलं असं कोण म्हणालं?" शिवलिंगप्पा गरजले.

"मी म्हणतो की," नवरामुलगा म्हणाला. आल्यापासून तो पहिल्यांदाच बोलत होता. पातेलं धरून उभ्या असलेल्या मास्तरांना तिथंच सगळ्यांदेखत रडू फुटलं.