पुस्तकांसाठी कडुलिंबाचा भारा

काल तांदळाचा डबा उघडला आणि कडुलिंबाच्या वाळक्या पाल्याचा कडवट वास नाकात शिरला. त्यासरशी मी कोल्हापुरातल्या त्या जुन्या दवाखान्यात पोचले. सन एकोणीसशे पन्नास-पंचावन्नचा सुमार असेल. दवाखान्यातल्या वैद्यकीय पुस्तकांची खोली मी सांभाळत होते, आणि कसर लागू नये म्हणून पुस्तकांच्या पानांत कडुलिंब घालून ठेवत होते.

मोठे डॉक्टर खवळायचे. "बाई, ही पुस्तकं हाईत का धान्याची कणगी? खोली रिकामी करा, मला दोन खाटा टाकायच्यात."

एका दुपारी गडमुडशिंगीचा शेतकरी लेकीला खांद्यावर टाकून धावत आला. पोरीनं धोतऱ्याच्या बिया खाल्ल्या होत्या. डॉक्टर माझ्या दारातूनच ओरडले, "विषांवरचं पुस्तक काढा! एवढ्या लहान पोरीला औषध किती द्यायचं, ते बघायचंय."

आदल्याच दिवशी धोतऱ्याच्या चित्रावर मी पाला ठेवला होता. पुस्तक उघडलं ते नेमकं तिथंच.

चार दिवसांनी पोरगी हसत घरी गेली. मग एका सकाळी तिचा बाप डोक्यावर कडुलिंबाचा भलामोठा भारा घेऊन हजर. "पुस्तकांस्नी पाला लागतोय म्हनं की!" म्हणत त्यानं तो माझ्या टेबलावरच टाकला.

तेव्हा मला तो नुसता पसारा वाटला होता. पुढं एवढ्या वर्षांच्या नोकरीत तसा मान पुन्हा मिळाला नाही.

आवाज ऐकून डॉक्टर आले. आता खोली जाणार, असं मला वाटलं. त्यांनी बाह्या सरसावल्या, खुर्ची ओढली आणि एक डहाळी उचलली.

"बघताय काय बाई? खुडा की!"